परत गेलेल्यांचा रकाना

भर मे महिन्यात बाई छत्री उघडायच्या ती हातातल्या निळ्या पेटीवर धरायला. पेटीत बर्फ आणि बर्फात लसीच्या बाटल्या. पेटी डाव्या हातात, उजव्या हातातली छत्री तिच्यावर तिरपी कललेली, आणि बाई स्वतः उन्हात उघड्या. केसांतून घाम कानामागे ओघळतोय, चेहरा लालबुंद झालाय, तरी चाल तीच. वाटेतला पिठाच्या गिरणीवाला रोज ओरडायचा, "बाई, डोकं तापून राह्यलं ना तुमचं!"

बाई न थांबता म्हणायच्या, "तापू दे. माह्या डोक्यात लस नाही ठेवेल."

माझी ती पहिलीच नोकरी. मी मोताळा तालुक्यातल्या खेड्यातून आलेली, नर्सिंगचं सर्टिफिकेट नुकतंच हातात पडलेलं. जिल्ह्यातल्याच दुसऱ्या एका तालुक्याच्या गावी मला दवाखान्यात घेतलं आणि लसीकरणासाठी बाईंच्या हाताखाली दिलं. गावात नर्सा चार-पाच होत्या, पण नुसतं 'बाई' म्हटलं की त्याच. चाळिशी उलटलेली, उंच, हाडकुळा बांधा, पांढरं लुगडं चालताना पायात येऊ नये म्हणून घोट्याच्या वर खोचलेलं. लग्न केलेलं नव्हतं. का, हे विचारायची माझी कधी हिंमत झाली नाही.

पहिल्याच दिवशी मी माझी पाण्याची बाटली दवाखान्याच्या फ्रीजमध्ये ठेवली. बाईंनी ती काढली आणि माझ्यासमोर धरली.

"हे फ्रीज कोनाचं हाय?"

"दवाखान्याचं."

"नाही. लेकरायचं हाय. तुहं पानी माठात."

मी स्वस्तात सुटले होते हे मला पंधरा दिवसांनी कळलं. डॉक्टरसाहेबांच्या सासुरवाडीहून आंबे आले होते आणि त्यांनी त्यातले दहा-बारा फ्रीजमध्ये ठेवून घेतले. दुपारी बाईंनी ते सगळे काढले आणि साहेबांच्या टेबलावर एका ओळीत मांडले. समोर बाकावर पेशंट बसलेले. बाई म्हणाल्या, "साहेब, यायले काही ताप नाही. भाएर राह्यले तरी चालन." पेशंट हसले, शेवटी साहेबही हसले. पण आंबे पुन्हा आत गेले नाहीत.

फ्रीज दिवसातून दोनदाच उघडायचं, सकाळी आणि संध्याकाळी. आतला काटा पाहून वहीत आकडा लिहायचा. लाइट गेली की बाई स्टूल घेऊन फ्रीजच्या दाराला पाठ लावून बसायच्या. दार आपोआप थोडंच उघडतं, असं मी एकदा म्हणाले. "दार नाही उघडत व, मानूस उघडते," त्या म्हणाल्या.

लेकरांशी बोलायची त्यांची रीत वेगळी होती. रडणाऱ्या मुलाला त्या कधी 'रडू नको' म्हणाल्या नाहीत. "रड, चांगला मोठ्यानं रड," म्हणायच्या, आणि त्यानं आ वासला की गुलाबी थेंब बरोबर जिभेवर पडायचे. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, पण कुणाची कोणती लस झाली आणि कोणती राहिली ते पक्कं राही. एका लग्नात आहेर द्यायला स्टेजवर गेल्या आणि नवरदेवाला म्हणाल्या, "तू तोच ना, जो देवीच्या टोच्याच्या वक्ती पलंगाखाली लपला होता?" नवरी इतकी हसली की तिच्या मुंडावळ्या सुटल्या.

घड्याळाच्या बाबतीतही त्या अशाच कडक. लसीचा वार बुधवार, वेळ नऊ ते बारा. नवाला पेटी उघडणार आणि बारा वाजता बंद होणार. गावातले लोक बुधवारी दवाखान्यातला गलका थांबला की बारा वाजले असं समजायचे. त्यांच्या या शिस्तीचं मला फार कौतुक होतं. सगळ्यांनाच होतं.

त्या बुधवारी सव्वाबारा झाले होते. मी खुर्च्या एकावर एक लावत होते. भूक लागली होती. तेवढ्यात एक लेकुरवाळी धापा टाकत आत आली. कडेवर नऊ-दहा महिन्यांची मुलगी. नदीपलीकडच्या वस्तीतली होती. त्या वस्तीत वीटभट्टीवर आणि कापसाच्या जिनिंगमध्ये जाणारी माणसं, हमाल आणि काही पिंजाऱ्यांची घरं. ही पिंजाऱ्याचीच बायको. सकाळी निंदायला जायची, दुपारच्या सुट्टीत मुकादमाला विचारून वावरातून तशीच आली होती. लुगड्याला चिखल होता.

"बाई, डोस पाजा ना हिले. अजून एकबी नाही भेटला."

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "बारा वाजून गेले व. बाटली बंद झाली."

"दुसरी फोडा ना."

"एका लेकरासाठी आख्खी बाटली फोडली तर बाकीचे थेंब फेका लागतात. या महिन्यात बुलढान्याहून अर्धाच माल आला. पुढच्या बुधवारी ये, पयले तुह्या पोरीले देतो."

"सकाळी मुकादम सुट्टी नाही देत, बाई."

"मंग बाराच्या आत पाठव कोनासंग."

मुलगी पेटीच्या निळ्या झाकणावर हात थापटत होती, दोन्ही पाय आईच्या कमरेशी नाचवत होती. मग ती मुलीला घेऊन निघून गेली. बाई नियमानं वागल्या होत्या. आम्हाला तेच शिकवलं होतं, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी एक शब्द बोलले नाही. मला घरी जाऊन जेवायचं होतं.

पुढच्या बुधवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

पोळ्याच्या आधी आठ-दहा दिवस ती आली, सोबत नवरा. मुलगी त्याच्या खांद्यावर झोपल्यासारखी पडलेली. चार दिवस ताप होता. वस्तीत एक जण कोणत्याही तापाला कमरेत सुई टोचायचा, त्याच्याकडे नेलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मुलगी उजवा पाय हलवत नव्हती. पोलिओच्या तापात स्नायूत सुई गेली की लुळेपणा वाढतो, हे आम्हाला शिकवलेलं होतं. वस्तीला ते कुणी सांगितलंच नव्हतं.

डॉक्टरसाहेबांनी तपासलं. मग बाईंनी मुलीचा पाय घोट्याशी धरून उचलला आणि सोडला. तो ओल्या फडक्यासारखा टेबलावर पडला. बाईंनी पुन्हा उचलला, या वेळी सोडला नाही. तसाच धरून उभ्या राहिल्या.

"नाव काय हिचं?" त्यांनी विचारलं. माझ्यादेखत त्यांनी मुलीचं नाव विचारलं ते पहिल्यांदाच.

"नजमा," आई म्हणाली.

ते लोक गेल्यावर बाईंनी रजिस्टर उघडलं आणि तो बुधवार काढला. त्या दिवशी डोस घेतलेल्या सगळ्या मुलांची नावं तिथं होती. नजमाचं नव्हतं. असणार कसं? परत पाठवलेल्यांचं नाव लिहायला रजिस्टरात रकानाच नव्हता. साहेब समजुतीनं म्हणाले, "बाई, एका डोसनं पाय वाचला असता असं कोण सांगणार? तीन लागतात."

"नसता वाचला, हे तरी कोन सांगन साहेब?"

त्यांनी पट्टी घेतली, पानाच्या उजव्या कडेला एक उभी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'परत गेलेले'. खाली पहिलं नाव लिहिलं. त्या दिवसापासून प्रत्येक पानावर ती रेघ असायची. पुढे तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं की हा रकाना कोणत्या नमुन्यात आहे. बाई म्हणाल्या, "नमुन्यात नाही. माह्या चुकीतून निंघाला." ते साहेब नुसती सही करून गेले.

त्यानंतरच्या दीड महिन्यात नदीपलीकडे आणखी सहा लेकरांचे पाय गेले, एकाचा हात. पुलाच्या अलीकडे, कॉलनीत, एकाचंही काही झालं नाही. कॉलनीत नोकरदारांचे आणि व्यापाऱ्यांचे बंगले. तिथल्या मुलांना खाजगी डॉक्टरांकडे केव्हाच तीन-तीन डोस मिळाले होते, प्रत्येकाचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. ताप एकच होता आणि नदीही काही मोठी नव्हती, उन्हाळ्यात पायी ओलांडता येई.

पण भीती कॉलनीतच जास्त होती. बुलढाण्याहून तातडीनं लसीची एक खेप आली, तीही तोकडी, एका पेटीत मावेल एवढी. डॉक्टरसाहेबांना वरून फोन आला. त्यांनी बाईंना बोलावलं. आवाज जरा पडलेला होता. "उद्या आधी कॉलनी करा. जास्तीचा एक डोस द्या म्हणतात सगळ्यांना. उरलं तर पलीकडे."

"बरं साहेब," बाई म्हणाल्या.

त्या एवढ्या सरळ 'बरं' म्हणाल्या तेव्हाच मला शंका यायला पाहिजे होती.

दुसऱ्या दिवशी नुकतं फटफटलं होतं, तर बाई माझ्या खोलीच्या दारात. हातात पेटी, खांद्याला छत्री. "चाल."

"एवढ्या सकाळी? कॉलनीत?"

"कॉलनी आठ वाजेलोक झोपेल राह्यते. तवरोक नदीपलीकडून येऊ. तिथले लोक सातले कामावर जातात."

"अन् साहेब?"

बाई चालायला लागल्या होत्या. मी चपला शोधून त्यांच्या मागे पळाले.

वस्तीत शिरलो तर दारं बंद व्हायला लागली. चुलींचा धूर होता, माणसं जागी होती, पण आम्हाला पाहून बाया लेकरं उचलून आत नेत होत्या. एक म्हातारा खाटेवरून उठून आडवा आला. "सुई टोचली न् पाय गेले लेकरायचे. आता अजून काय द्याले आल्या?"

मी घाबरले. "सुई नाही बाबा, तोंडात थेंब आहेत," असं काहीतरी बोलायला लागले. माझं कुणी ऐकेना. आठ-दहा माणसं जमली. त्यांत पिंजारी होता, आणि त्याच्या मागे दारात नजमाची आई, मुलीला घेऊन.

बाईंनी पेटी खाली ठेवली. "आयका," त्या म्हणाल्या. आवाज रोजचाच, दवाखान्यातला. "या नजमाची माय माह्याकडं आली होती. पाय चांगला होता तवा. सव्वाबारा वाजले होते. मी म्हटलं बारा वाजले, पुढच्या बुधवारी ये. माह्यापाशी बाटली होती. भरेल होती. मी फोडली नाही."

कुणाच्या तरी घरात कोंबडी फडफडली तेवढाच आवाज.

"मी फोडली असती तर हिचा पाय राह्यला असता का, हे मले मालूम नाही. साहेबालेबी मालूम नाही. पन मी दिला नाही, हे मले मालूम हाय. सुईवर जेवढा राग हाय तेवढा माह्यावर काढा. लेकरायच्या डोसावर काढू नोका."

पिंजारी पुढे आला. तो मारतो की काय असं मला वाटलं. पण तो बाईंसमोर नुसता उभा राहिला.

बोलली ती आई. दारातूनच, जरा ओरडून. "अन् हे तू आता सांगून राह्यली? तवा कुठी होती तुही अक्कल?"

"नव्हती," बाई म्हणाल्या.

नजमाची आई उंबरा ओलांडून बाहेर आली. कडेवरच्या मुलीचा पाय लोंबत होता. म्हाताऱ्याला हातानं बाजूला करत ती म्हणाली, "पाज. माह्या पोरीले पयले. मंग बाकीच्यायले."

"व माय, हिले आता..." मी म्हणायला गेले. बाईंनी माझा दंड इतक्या जोरात दाबला की मी तिथंच थांबले. त्यांनी बाटली काढली, फोडली आणि नजमाच्या तोंडात दोन थेंब घातले. नजमा रडली नाही, ओठ चाटत बसली. "एक पाय अजून हाय हिचा," बाई मला हळूच म्हणाल्या, "अन् दोन हात."

मग लेकरं यायला लागली. आधी दोन, मग पाच, मग ओळच लागली. तो म्हातारा स्वतः दोन नातवंडं काखोटीला मारून घेऊन आला. शेवटची बाटली संपली तेव्हा आठ वाजून गेले होते आणि बाया कामाला उशीर झाला म्हणत शेताच्या वाटेनं पळत होत्या.

तिथून बाई सरळ कॉलनीत गेल्या. मला वाटलं होतं घरी जातील. एका बंगल्याच्या फाटकाशी दहा-बारा बाया मुलांना आंघोळ घालून, पावडर लावून उभ्या होत्या. बाईंनी प्रत्येक कार्ड मागून घेतलं, नीट वाचलं आणि परत दिलं. मग पेटीचं झाकण उघडून रिकामी पेटी सगळ्यांना दाखवली. "संपली. तुमच्या लेकरायचे तीन-तीन झाले हायेत. तुमाले भ्याचं काही काम नाही. पुलापलीकडच्यायचा आज पयला झाला."

तक्रार त्याच दिवशी झाली. साहेबांनी बाईंना विचारलं, "मी सांगितलं होतं ना आधी कॉलनी?" त्यांना वाईट वाटत होतं, ते तसे चांगले होते. बाई म्हणाल्या, "सांगतलं होतं. मी आयकलं नाही. तसंच लिहा." महिन्याभरात त्यांची बदली धाड गावाकडच्या एका खेड्यात झाली. जायच्या आधी त्यांनी एकच गोष्ट केली. बुधवारची वेळ आणि जागा बदलायचा अर्ज लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि सही होईपर्यंत तिथून हलल्या नाहीत. पुढची कितीतरी वर्षं नदीपलीकडची लस सकाळी सहाला, वस्तीतच, मी देत आले.

बदली झाली तरी बाईंनी वस्ती सोडली नाही. वर्षातून दोनदा त्या धाडहून एसटीनं यायच्या आणि नजमाला घेऊन अकोल्याला जायच्या. वाढत्या पायाला दरवेळी नवं कॅलिपर लागे, लोखंडी पट्ट्या आणि चामड्याचे पट्टे असलेलं. पहिल्या खेपेला आई सोबत गेली. पुढे ती मुलीला एकटीलाच बाईंसोबत पाठवायला लागली. बाई कंडक्टरशी भांडून पुढची सीट मिळवायच्या, म्हणजे पाय लांब करता येई. नजमाला शाळेत घातलं तेही बाईंनीच. वर्ग पहिल्या मजल्यावर आहे असं कळलं तेव्हा हेडमास्तरांना म्हणाल्या, "मास्तर, पोरगी वरत येऊ शकत नाही, तुमी खाली येऊ शकता." तो वर्ग खाली आला.

रिटायर झाल्यावर बाई आमच्या गावी येऊन राहिल्या. त्यांचं इथं नातं-गोतं कुणी नव्हतं. भाच्यानं मेहकरला बोलावलं होतं, तिथं घर होतं, माणसं होती. त्या गेल्या नाहीत. पुलाजवळ एक खोली घेतली. तोवर पोलिओचे रविवार सुरू झाले होते, बूथ लागायचे, फटफटीवर भोंगे फिरायचे, कॉलनीतल्या आणि वस्तीतल्या लेकरांना एकाच दिवशी डोस मिळायचा. बाई खुर्ची घेऊन बूथच्या बाजूला बसायच्या आणि नव्या पोरींना, पेटीचं झाकण उघडं ठेवलं की, वाट्टेल ते बोलायच्या. पोरी माझ्याकडे तक्रार करायच्या. मी म्हणायचे, आंबे ठेवले नाहीत ना तुम्ही पेटीत, मग स्वस्तात सुटलात.

देशात पोलिओ उरला नाही असं जाहीर झालं, त्या दिवशी मी पेढे घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी एक पेढा घेतला, अर्धा खाल्ला. "चांगलं झालं," म्हणाल्या. जरा वेळानं म्हणाल्या, "आपल्याले उशीर झाला."

दोन वर्षांपूर्वी बाई गेल्या. मी तेव्हा मुलाकडे होते, मला शेवटचं भेटता आलं नाही. परत आल्यावर नजमाकडे गेले. बापाचं पिंजण्याचं काम आता ती मशीनवर करते, बाजारपेठेत तिचं गाद्या-रजयांचं दुकान आहे. दोन मुलं आहेत. मी गेले तेव्हा ती कॅलिपरचा पाय सरळ करून बसली होती आणि गादीला टाके घालत होती. बाईंचे शेवटचे आठ दिवस दवाखान्यात त्यांच्याजवळ तीच होती, एवढं मला कळलं होतं.

"काही बोलल्या का?" मी विचारलं.

नजमानं सुई गादीत खोचून ठेवली. "तुमाले एक सांगतो, कोनाले सांगतलं नाही. अकोल्याहून येताना दरवक्ती बाई मले विचारे, नजमा, राग हाय का माह्यावर? मी लहान होती. मले काय समजते? मी म्हणे, हाव. हाव म्हटलं की बाई म्हणे, बरं हाय, अन् मंग बाई मले भजे घेऊन देत जाय. मंग मी मोठी झाली. शाळेत पोरी पळत, मी बसेल राहू. तवा खरंच राग आला. दोन वर्षं मी बाईसंग बोलली नाही. बाई येत जाय, माह्या मायपाशी बसे, चहा पिये अन् निंघून जाय. तरी जाता जाता दारातून विचारेच, राग हाय का? मी आतून ओरडू, हाव!"

"अन् नंतर?"

"नंतरबी हावच म्हणत होती. लग्न झालं, पोट्टे झाले, तरी बाई विचारे न् मी हाव म्हणू. सवय झाली होती दोघीले." ती थोडी हसली. "दवाखान्यात आठ दिवस मी वाट पाह्यली. म्हटलं आता विचारतीन, अन् या वक्ती मी नाही म्हणन. मनात ठरवेल होतं. पन बाई विचारेच ना. शेवटी मीच म्हटलं, बाई, विचारा ना ते."

"मग?"

"डोळे उघडले. म्हणे, आता काय विचारू? तू आली ना."

तिनं गादीतली सुई काढली, पण निसटलेला दोरा ओवता येईना. मग ती उठून मशीनकडे गेली आणि बटण दाबलं. कापूस उडायला लागला, तसा मी पदर तोंडाला लावला आणि ती राशीतून एकेक गठ्ठा मशीनवर सोडत होती ते पाहत तिथंच बसून राहिले.